लाल दोरीचे वय

१९८१ साली तैपेईत एक पुस्तक निघाले. नाव अगदी साधे: 'चुंगकुओ चिए', म्हणजे चिनी गाठी. आत जुन्या नमुन्यांची छायाचित्रे आणि रेशमी दोरीची एकेक गाठ कशी घालायची याच्या पायरीपायरीने काढलेल्या आकृत्या. आज चिनी नववर्षाच्या दिवसांत सिंगापूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दारोदारी लटकणारी ती लाल, गोंडेदार गाठ पाहिली की ती हजारो वर्षे अशीच लटकत आली असावी असे वाटते. तसे नाही. गाठी जुन्या आहेत, काही तर फारच जुन्या. पण 'चिनी गाठ' नावाची एक वेगळी कला, तिचे मूळ प्रकार, ती शिकवण्याची रीत आणि भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून तिला मिळालेला मान हे सगळे गेल्या पन्नासएक वर्षांतले. त्याआधी गाठ ही नेहमी दुसऱ्या कशाची तरी शेपटी असे: पंख्याची, चष्म्याच्या घराची, सुगंधी पुरचुंडीची, कमरेला लावलेल्या जेडच्या तुकड्याची.

शेपटीची दखल घेऊन कोणी बखर लिहीत नाही. त्यामुळे या कलेचा माग काढायचा तर आडवाटेने जावे लागते.

चिनी लेखक या विषयाची सुरुवात बहुधा 'यीचिंग' या प्राचीन शकुनग्रंथाच्या भाष्यापासून करतात. फार प्राचीन काळी दोऱ्यांना गाठी मारून राज्यकारभार चाले, नंतरच्या शहाण्या पुरुषांनी त्याजागी लिपी आणली, असे तिथे म्हटले आहे. लाओत्सूच्या ग्रंथातही लोकांनी पुन्हा त्या गाठींकडे वळावे अशी इच्छा आहे. दुसऱ्या शतकातला पंडित चंग श्वान याने तर खुलासाच करून ठेवला: मोठ्या गोष्टीला मोठी गाठ, लहान गोष्टीला लहान. हे सगळे खरे धरले तरी ती हिशेबाची गाठ झाली, शोभेची नव्हे. दोन्हींचा संबंध जोडण्याची हौस लेखकांना फार, पुरावा मात्र तोकडा.

त्यापेक्षा एक बारीकशी वस्तू जास्त बोलकी आहे. तिचे नाव 'शी'. हस्तिदंताची, शिंगाची किंवा जेडची, पुढे निमुळती होत गेलेली वाकडी सुळी. काम एकच, आवळून बसलेली गाठ सोडवणे. ती कमरेला लटकवायची आणि लटकवणारा आता मोठा झाला असे समजायचे. 'शिचिंग' या प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका गाण्यात अशी सुळी मिरवणाऱ्या पोराची थट्टा आहे. अंगात अजून पोरपण आणि कमरेला मात्र थोरांचे हत्यार. गाठ सोडवण्यासाठी खास अवजार बाळगावे लागत होते, म्हणजे अंगावरच्या कपड्यांत गाठी किती आणि किती पक्क्या असतील याचा अंदाज येतो. बटणे नव्हती. सगळा पोशाख बंदांवर उभा होता.

प्रत्यक्ष गाठी मात्र उरल्या नाहीत, कारण रेशीम कुजते. उरली ती त्यांची चित्रे. जुन्या काशाच्या भांड्यांवर दोरखंडाची नक्षी ओतलेली असते आणि त्या दोरखंडाला गाठीही असतात. थांग घराण्याच्या काळातल्या आरशांच्या पाठीवर चोचीत फीत धरून उडणारे पक्षी आहेत. ती फीत गाठवलेली आहे हे ओळखू येते; कशी गाठवली ते मात्र धातूत दिसत नाही.

सुंग घराण्याच्या काळात येऊन पोचले की पहिल्यांदा माणसे दिसू लागतात. ११२७ मध्ये राजधानी कायफंग उत्तरेकडच्या जुर्चेन टोळ्यांच्या हाती पडली. तिथून दक्षिणेला पळालेल्या मंग युआनलाओ नावाच्या गृहस्थाने वीस वर्षांनी, ११४७ मध्ये, त्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या: खानावळी, जत्रा, रस्त्यावरचे खेळ आणि लग्ने. लग्नाच्या वर्णनात दोन्ही घरांकडून रंगीत रेशमी कापडाचा एकेक पट्टा येतो आणि दोन्हींची मिळून 'एकहृदय' गाठ बांधली जाते. तिचे एक टोक नवऱ्याच्या हातातल्या पाटीला अडकवलेले, दुसरे नवरीच्या हातावर. मग नवरा उलटा, मागे मागे चालतो आणि नवरी त्याच्याकडे तोंड करून त्याच्या मागोमाग. असे ते पूर्वजांच्या दालनापर्यंत जातात. उपरण्या-शेल्याची गाठ बांधून सप्तपदी चालणाऱ्या मराठी जोडप्याला हा थाट फारसा परका वाटणार नाही. फक्त आपल्याकडे नवऱ्याला पुढे पाहून चालता येते, एवढी सोय आहे.

शोभेच्या गाठीची खरी साक्ष अठराव्या शतकात मिळते आणि ती देते एक दासी. त्साओ शुएछिन याच्या 'लाल महालाचे स्वप्न' या कादंबरीच्या पस्तिसाव्या प्रकरणात वडिलांच्या हातचा जबर मार खाऊन कादंबरीचा नायक पाओ-यू अंथरुणाला खिळला आहे. त्याची मावसबहीण पाओ-छाय हिची दासी यिंग-अर गाठींच्या जाळ्या विणण्यात तरबेज. तो तिला बोलावून घेतो आणि माझ्यासाठी काही विणून दे म्हणतो. कशासाठी हव्यात, ती विचारते. कशासाठीही असोत, सगळ्या प्रकारच्या दे, हे त्याचे बड्या घरच्या लाडक्या पोराला शोभणारे उत्तर. ती हसते, सगळ्या विणायच्या तर दहा वर्षे पुरायची नाहीत. मग मुद्द्याचे बोलणे सुरू होते. कमरपट्टा कोणत्या रंगाचा? भडक लाल. मग त्यावर काळी जाळी उठून दिसेल, नाहीतर गडद निळी. पाइनच्या पानासारख्या हिरव्यावर काय? पीचच्या फुलाचा गुलाबी. सौम्य पण थोडे खुलणारे हवे असेल तर? कांद्याच्या पातीचा हिरवा आणि विलोच्या कोवळ्या फांदीचा पिवळा, ते तिचे स्वतःचे आवडते. नमुन्यांची यादीही ती धडाधड म्हणते: उदबत्ती, शिडी, जोडचौकोन, साखळीची कडी, प्लमचे फूल, विलोचे पान.

एवढ्यात पाओ-छाय येते आणि म्हणते, इतर कशापेक्षा त्याच्या गळ्यातल्या जेडलाच एक जाळी का करत नाहीस? रंग कोणता, यावर पुन्हा खल. भडक रंग जुळणार नाही, पिवळा दिसणार नाही, काळा फार दबून जाईल. शेवटी सोन्याची तार आणि काळ्या मण्यांसारखा झळाळणारा दोरा यांचा पीळ करून त्याची जाळी विणायची असे ठरते.

कादंबरी आहे, कबूल. पण त्साओचे घराणे नानकिंगला राजदरबाराच्या रेशीम कारखान्याचे अधिकारी होते. या दासीच्या तोंडचे रंगशास्त्र त्याने उगाच रचलेले नसावे. आणि ही माहिती कुणाच्या तोंडून येते हेही पाहण्यासारखे आहे. मालकिणींना रंग कळतात, बोटे दासीची चालतात. गाठी विणणाऱ्या अशा हजारो बायकांपैकी एकीचेही नाव इतिहासाने राखले नाही. एक नाव राहिले, तेही काल्पनिक.

याच सुमारास एक गाठ मात्र अंगाअंगावर होती: घुंडी. चिनी अंगरख्याच्या गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत तिरक्या ओळीत बसणारी कापडी घुंडी आणि तिला अडकवायचा फासा. कापडाची तिरकी पट्टी कापायची, ती शिवून गोल दोरी करायची आणि त्या दोरीची एक घट्ट, गोल गाठ बांधायची. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या शांघायमध्ये छिपाव हा अंगाबरोबर बसणारा पोशाख रूढ झाला तेव्हा शिंप्यांनी पट्टीत पातळ तार घालून घुंडीच्या दोन्ही बाजूंना शेवंती, फिनिक्स आणि फीफा नावाच्या तंतुवाद्याचे आकार वळवले. ज्याला एरवी बटण म्हणून कुणी पाहिलेही नसते, त्याच्यावर शिंप्याची किंमत ठरू लागली.

घुंडी कशी होते हे एकदा पाहण्यासारखे आहे, कारण तिच्या पोटात दुसरी गाठ दडलेली असते. दोरी मधोमध दुमडून दोन पदर खाली सोडायचे. डाव्या पदराचा एक सैल फेरा करून पाटावर ठेवायचा. उजवा पदर त्यावर आडवा टाकून डाव्याच्या टोकाखालून न्यायचा आणि मग फेऱ्यातून आळीपाळीने वरून-खालून ओवत बाहेर काढायचा. दोरी आठ ठिकाणी दोरीला ओलांडते आणि एकमेकांवर अर्ध्या सरकलेल्या दोन नाण्यांसारखी सपाट जाळी तयार होते. चीनमध्ये हिला दुहेरी नाण्याची गाठ म्हणतात, अर्थातच ती धनाचे चिन्ह ठरली. आता इथे न थांबता दोन्ही टोके आपापल्या दिशेने पुढे वळवायची, वरच्या पदराला बाहेरून वळसा घालायचा आणि मधल्या चौकोनी फटीतून खालून वर काढायची. हळूहळू, थोडे इकडून थोडे तिकडून, आवळत गेले की सपाट जाळी पोट फुगवून गोल होते. घाईने एकच टोक ओढले तर हातात गुंता येतो.

ही दुहेरी नाण्याची गाठ जगभर फिरलेली आहे, निदान जगभर सापडते. जपानमध्ये ती 'आवाजी' गाठ. आहेराच्या पाकिटांवर बांधायच्या 'मिझुहिकी' या कागदी पिळाच्या, खळ दिलेल्या दोऱ्यांत ती हमखास असते. टोके ओढावी तशी ती घट्ट होते म्हणून मंगल कार्याला चालते. लग्नाच्या पाकिटाला सहज सुटणारी फुलपाखरी गाठ बांधणे हा मात्र तिथे मोठा प्रमाद, कारण तिचा अर्थ हा प्रसंग पुन्हा पुन्हा येवो. युरोपच्या खलाशांनी हिच्याच बांधणीने जाड दोरखंड जोडले. आणि मॅक्रमे, म्हणजे दोऱ्या गाठवून केलेले नक्षीकाम, करणाऱ्या बायकांकडे ती 'जोसेफिन' गाठ म्हणून आली. ती कुणी कुणाकडून घेतली याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. दोन पदर हातात घेऊन रिकाम्या वेळी चाळा करणारा कुणीही माणूस या गाठीपाशी पोचू शकतो, एवढेच खात्रीने म्हणता येते.

मॅक्रमेचे घराणे वेगळे. अरब विणकर मागावरून उतरलेल्या कापडाच्या सुट्या दशा गाठवून किनार करत. ती रीत भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेन-इटलीत गेली, जिनोव्हात चांगली रुजली, खलाशांनी जहाजावरच्या फावल्या वेळात उचलली. १८८२ मध्ये लंडनला 'सिल्व्हियाज बुक ऑफ मॅक्रमे लेस' निघाले आणि व्हिक्टोरियन दिवाणखाने झालरींनी भरले. पुढे हौस ओसरली आणि १९७० च्या दशकात घुबडांच्या आणि कुंड्यांच्या शिंक्यांच्या रूपाने परत आली. या कामात दोऱ्या अनेक असतात, मधले पदर ताठ धरून कडेच्या पदरांनी त्यांवर गाठी मारत खाली यायचे. दोन-तीन साध्या गाठी शेकडो वेळा. चिनी गाठीत बहुधा दोरी एकच आणि गाठही एकच, पण ती एक गाठ म्हणजे आख्खा नकाशा. पुढून आणि मागून सारखी दिसली पाहिजे, ही वर अट.

या दोन घराण्यांची भेट छापील पानावर झाली ती १९४४ मध्ये, क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराच्या गाठींच्या जाडजूड ग्रंथात. व्हेल पकडणाऱ्या जहाजांची चित्रे काढणाऱ्या या माणसाने ३,८०० हून अधिक नोंदी क्रमांक देऊन मांडल्या. त्यांत चिनी घुंडीला मानाने जागा आहे आणि तिच्या कौतुकाचे कारणही खास ॲशली छापाचे: हाडाच्या बटणासारखी ती झोपताना टोचत नाही आणि धोब्यालाही फोडता येत नाही.

सगळ्यांत प्रसिद्ध चिनी गाठीची वाट मात्र भारतातून जाते. 'पान-छांग' ही चौकोनी, कोनावर उभी, कडेने छोटे कान फुललेली गाठ म्हणजे बौद्धांच्या अष्टमंगलांतली शेवटची खूण, जिला आरंभ नाही आणि अंत नाही. छत्र, मत्स्य, कलश, कमळ, शंख, ध्वज आणि चक्र यांच्या पंगतीत ती बसते. तिबेटी परंपरेत हीच खूण श्रीवत्स. विष्णूच्या आणि जैन तीर्थंकरांच्या छातीवरचे श्रीवत्स पाहिले तर त्याचा आकार गाठीचा नसतो. उत्तरेकडे जाता जाता नाव तेच राहिले आणि रूप गाठीचे झाले. गणितज्ञांनीही तिला सोडलेले नाही. तिचे सर्वांत साधे रूप सात छेदांच्या गाठींच्या यादीत चौथ्या क्रमांकावर नोंदलेले आहे.

विसाव्या शतकात या सगळ्याच्या मुळावर घाव पडला तो अगदी साध्या कारणाने. पंखे, पुरचुंड्या, कमरेची जेड वापरातून गेली, कोट-शर्ट आले, कारखान्याचे बटण आले. शेपटी ज्याला लावायची तेच उरले नाही. चीनच्या मुख्य भूमीवर पुढे सांस्कृतिक क्रांतीत असल्या जुन्या थाटाला जागाच नव्हती.

तैवानमध्ये परिस्थिती निराळी होती. जपानी आक्रमणाच्या भीतीने १९३३ मध्ये बीजिंगच्या राजवाड्यातून हलवलेला खजिना अनेक मुक्काम करत १९४८-४९ मध्ये तैवानला पोचला होता. त्याची पाठराखण करत आलेल्यांत च्वांग यान होते; ते पुढे तैपेईच्या राजवाडा संग्रहालयाचे उपसंचालक झाले. त्यांची सून छन श्या-शंग, इंग्रजी वाचकांची लिडिया चेन, याच संग्रहालयात काम करत असे. छिंग घराण्याच्या दरबारातल्या दागिन्यांना, राजदंडांना, पुरचुंड्यांना लटकलेले गोंडे आणि गाठी तिच्या नजरेत भरल्या. कपाटात दोनशे वर्षांपूर्वीच्या गाठी पडून आहेत, पण त्या घालता येणारे हात मोजकेच आणि म्हातारे. काही प्रकार ती जाणत्यांकडून शिकली. उरलेले नमुन्यांवरून दोरीचा मार्ग हुडकत स्वतः बसवले.

त्याच शहरात १९७१ पासून 'एको' नावाचे इंग्रजी मासिक निघत होते, १९७८ मध्ये त्याची 'हानशंग' ही चिनी आवृत्ती सुरू झाली. लोककला नाहीशी होण्याआधी नोंदून ठेवायची हा त्या तरुण संपादकांचा ध्यास. १९८१ चे पुस्तक लिडिया चेन आणि हे संपादक यांच्या मेळातून आले. त्यात मोलाची होती ती पद्धत. आधी ही विद्या बोटांतून बोटांत जाई. लिडिया चेनने ती बुचाच्या पाटावर उतरवली. दोरी मांडायची, वळणावळणाला टाचणी रोवायची, चिमट्याने पदर ओवायचा. विणणे, ओढणे आणि नीटस करणे अशा तीन पायऱ्या तिने ठरवल्या. मूळ गाठी कोणत्या आणि त्यांच्या जोडणीतून कोणत्या होतात याची विभागणी केली. ज्यांना नाव नव्हते त्यांना नावे दिली. थोडक्यात, विखुरलेल्या हातचलाखीची तिने शाळा केली.

नवशिक्या पान-छांग घेऊन बसला की पहिल्या पायरीवर खूश असतो. पाटावर आडव्या आणि उभ्या दोऱ्यांची चौकट सुरेख दिसते, टाचण्या काढल्या तरी ती तग धरते. दुसरी पायरी घाम काढते. मधली चौकट आधी चारही बाजूंनी आवळायची, मग एका टोकापासून सुरू करून प्रत्येक कानातली सैल दोरी पुढच्या कानात सरकवत सरकवत दुसऱ्या टोकाला बाहेर काढायची. मधे कुठे चूक झाली की मागे फिरावे लागते. विणायला लागणाऱ्या वेळापेक्षा ओढायला जास्त वेळ लागतो आणि गाठीचे सौंदर्य त्या ओढण्यावरच ठरते.

कोरियात हे काम सरकारने आधीच हाती घेतले होते. 'मेदुप' या गाठकामाला १९६८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २२ वा क्रमांक मिळाला. तिथले कारागीर दोरी विकत न घेता रेशीम रंगवून तिचा गोफही स्वतः विणतात, आणि स्त्रियांच्या पोशाखावर लटकणाऱ्या 'नोरिगे' या दागिन्यासाठी स्ट्रॉबेरी, चतुर, शेवंती, फुलपाखरू अशा नावांच्या गाठी घालतात. परंपरा अखंड ठेवण्यात कोरियाने बाजी मारली, असे म्हणायला हरकत नाही. बाजारपेठ मात्र चिनी गाठीने मारली.

तैवानची ही पुनर्रचना मुख्य भूमीवर पोचली तेव्हा तिथे जुन्या खुणांची भूक वाढलेली होती. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या चायना युनिकॉम या दूरसंचार कंपनीने पान-छांग हेच बोधचिन्ह घेतले. बीजिंगच्या ऑलिंपिक उमेदवारीच्या चिन्हात पाच कड्यांची जी गाठ होती तीही याच कुळातली. जुलै २००१ मध्ये ती उमेदवारी यशस्वी झाली. त्याच वर्षी शांघायला भरलेल्या आशिया-पॅसिफिक देशांच्या एपेक परिषदेत राष्ट्रप्रमुख घुंडीदार रेशमी जाकिटे घालून छायाचित्राला उभे राहिले आणि त्या जाकिटांची लाटच आली. शानतुंग प्रांतातल्या थानछंग तालुक्यात घराघरांतल्या बायका लाल गाठी विणू लागल्या. यिंग-अरचे काम आता नगावर मोजले जाते. २०१६ मध्ये छांगशा शहरात एका डच वास्तुसंस्थेने गाठीच्या वळणांवर बेतलेला १८५ मीटर लांबीचा पादचारी पूल बांधला. लाल पोलादाच्या त्या पट्ट्या २४ मीटर उंचीपर्यंत चढतात आणि एकमेकींना ओलांडून पुन्हा खाली येतात.

मॅक्रमेवाल्यांनी या साऱ्यातून बेताने उचलले. मुंबई-पुण्यात विकल्या जाणाऱ्या सुती झोपाळ्यांत आणि भिंतीवरच्या पडद्यांत जोसेफिन गाठ दिसते. शिंक्याच्या बुडाशी किंवा दोऱ्याच्या शेवटी घुंडी चालते. पान-छांग मात्र क्वचितच, आणि त्याला कारण दोरीचे आहे. मॅक्रमेची लाडकी एकपिळी सुती दोरी मऊ, चपटी होणारी. एकाच फटीतून तिला पाचसहा वेळा ओढले की पीळ सुटून तंतू फुलतात आणि कान मान टाकतात. चिनी गाठीला घट्ट विणीची, गोल आणि गुळगुळीत दोरी लागते, साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. ती हल्ली नायलॉनची असते. रेशीम कुणाला परवडत नाही.